मळखाऊ कापड

सायकल निवडायला मी चार दिवस घेतले आणि वाट ठरवायला चहा निवेपर्यंतचा वेळ. कपड्यांचा तर विचारच केला नाही. मूर्ख माणूस नको तिथे चोखंदळ असतो.

निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलिस ॲक्शनला दोन वर्षं होत आली होती. त्याआधीच्या उन्हाळ्यात माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, नवऱ्याला खाकी कपड्यांतल्या रझाकारांनी घरातून बाहेर नेऊन मारलं होतं. तेव्हापासून अक्का हुमनाबादला आमच्याकडे होती. शिवण तिच्या हातात होती, पण मशीन शेजारच्यांचं, तेही त्यांची मर्जी असेल तेव्हाच मिळायचं. स्वतःचं मशीन आलं तर गल्लीतल्या आणखी चार विधवांना ती शिकवणार होती. कुणाच्या तुकड्यावर जगायचं नाही, एवढंच तिचं म्हणणं होतं. म्हणून मी आणि शाळेतले ड्रिल मास्तर, आम्ही सुट्टीत सायकलवरून गुलबर्गा, तिथून गाणगापूर करायचं ठरवलं. वाटेतल्या गावांत आणि यात्रेकरूंकडे मशीनसाठी मदत मागायची.

बाजारातले चाचा भाड्याने सायकली द्यायचे. माझा जीव एका हलक्या, चकचकीत विलायती सायकलीवर जडला होता. मास्तरांनी मला वेड्यात काढलं आणि दूधवाले वापरतात तसल्या दोन काळ्या, डबल दांड्याच्या सायकली घ्यायला लावल्या. मडगार्डही काढायला लावले, कारण मध्येच पाऊस पडला तर काळ्या मातीत चाक रुततं आणि मडगार्डाखाली चिखल बसला की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. पाना फिरवता फिरवता चाचांनी विचारलं, "कुठल्या वाटेनं?"

"गाडीवाटेनं. आठ मैल वाचतात."

"सडकेनं जावा. तिकडून नको."

"कामून?"

"उधर के लोग अभी डरे हुए हैं."

"आमी काय त्यांना खायला जायलाव का?" मी हसलो. भाड्याच्या वहीत माझी सही घेताना चाचांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

धुळीत पांढरे कपडे टिकायचे नाहीत म्हणून मास्तरांनी खाकी कापड आणलं. सदरे आणि अर्ध्या चड्ड्या अक्कानेच शेजारच्यांच्या मशीनवर शिवल्या. "खाकीच कामून रे?" एवढंच तिने विचारलं. "मळखाऊ असतंय, अक्का," मी म्हणालो आणि साखळीला तेल घालायला गेलो. तिने मान खाली घालून मशीन फिरवलं. हे लिहिताना मला स्वतःची लाज वाटते.

दुपारच्या आत आम्ही गाडीवाटेवरच्या त्या गावात शिरलो. वेशीपाशी एक बाई जात्यावर दळत होती. आम्हाला पाहून ती उठली, पीठ तसंच टाकून आत गेली. मग एकामागून एक कड्या लागल्याचे आवाज आले. कुत्रं भुंकलं, तर त्यालाही कुणीतरी आत ओढून घेतलं. चुली पेटलेल्या होत्या, धूर निघत होता, आणि गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मला वाटलं, परत फिरावं. पण मास्तरांना शाळेची सवय. लोक जमावेत म्हणून त्यांनी शिट्टी फुंकली.

एक म्हातारा बाहेर आला. हात जोडलेले होते. त्याने आमच्या सायकलींपुढे एक पितळेचा तांब्या ठेवला. मागून कुणी ज्वारीचं गाठोडं आणून ठेवलं, कुणी चांदीचे वाळे. आम्ही अजून तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.

मी मराठीत सांगितलं, मास्तरांनी कानडीत सांगितलं, मग दोघांनी मोडक्या उर्दूत सांगितलं की आम्ही विधवांसाठी मदत मागायला आलोय, जबरदस्ती नाही. जितकं सांगावं तितकं ते आणखी आणून ठेवत होते. "और कुछ नहीं है, बाबा," म्हातारा म्हणत होता. तेव्हा कुठे मला माझी खाकी चड्डी दिसली. त्या साली खाकी आधी आमच्या दारात आली होती, मग पोलिस ॲक्शननंतर ह्यांच्यासारख्या मुसलमानांच्या.

आम्ही सगळं तिथेच टाकून सायकलवर बसलो. वाटलं, सुटलो. तर तो म्हातारा ते सगळं एका गाठोड्यात बांधून धापा टाकत आमच्या मागे पळत आला. आम्ही घेतलं नाही म्हणजे आमचं समाधान झालं नाही, असं त्याला वाटलं असणार. त्याने स्वतःच्या हाताने ते माझ्या कॅरिअरला बांधलं. गाठ मारताना तो सारखा "माफ करो" म्हणत होता, आणि मी भेकडासारखा सायकल धरून उभा राहिलो.

गाणगापूरला गेलोच नाही. सडकेने घरी परतलो.

अक्काने गाठोडं सोडलं. वाळे लहान मुलाचे होते. मी मान खाली घालून घडलेलं सगळं सांगितलं. मास्तर हळूच म्हणाले, "परत द्यायला गेलो तर आणिक भितील. मशीनपुरतं हाय बघा, अक्का."

अक्काने वाळे पदराला पुसले. "खाकीवाले आले तवा मीबी असंच काढून दिलं होतं," ती म्हणाली. "अंगावरचं सगळं. म्हनलं, तेवढ्यावर सोडतील ह्यांना."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गाठोडं डोक्यावर घेतलं. मी चपला घालायला लागलो तर म्हणाली, "तू नको. बाईमानूस बघून दार उघडतील." आणि ती एकटीच, पायी, गाडीवाटेला लागली.