पहिल्या हाकेला

माझी धाकटी जाऊ सरला धारच्या दवाखान्यात कानांची तपासणी करत असे. तिच्या निवृत्तीनंतर नालछ्याजवळच्या एका गावात बहिरेपणावर संशोधन सुरू झालं, तेव्हा तिला बोलावून घेतलं. कानाचे डॉक्टर विश्वासराव, पाणी तपासणारे उमाशंकर आणि चालीरीतींचा अभ्यास करणारी वेदिका, असे तिघे एकत्र काम करत होते.

कानाला यंत्र लावायचं, सूर वाजला की हात वर करायचा. सरलाच्या तपासणीत अर्ध्याहून अधिक बायका बहिऱ्या निघाल्या. विश्वासरावांना जुन्या औषधांचा संशय, उमाशंकरना विहिरीचा. वेदिकेनं सरळ बायकांनाच विचारलं.

"सुनाय तो है, बेटा," म्हाताऱ्या इंदिराबाई हसल्या. "पण पेली बार में कुण बोले? लइ जाय नी!"

तिथली समजूत अशी, की पहिल्या दोन हाका मेलेल्यांच्या असतात, ओ देणाऱ्याला ते घेऊन जातात; तिसरी जिवंताची. बायका तिसऱ्या सुराची वाट बघत बसायच्या.

"सरलाताई, तुम्ही तर इथल्याच. हे ठाऊक नव्हतं?"

"मीही तेच पाळते, डॉक्टर. म्हणून तर खटकलं नाही."

मग प्रत्येक सूर तीनदा वाजवून पुन्हा तपासलं. बहुतेकींचे कान उत्तम निघाले. पण एका दुपारी वीज गेली, यंत्र बंद पडलं, आणि तरीही इंदिराबाईंनी हात वर केला. सरलानं यंत्र स्वतःच्या कानाला लावलं.

संध्याकाळी ती माझ्याकडे आली. "ताई, यांचा आवाज. 'सरले.' दोनदा."

तिचे यजमान, शरच्चंद्र भावोजी, करोनात इंदूरच्या दवाखान्यात वारले. शेवटी ते हिला हाका मारत होते म्हणे. हिला दाराबाहेरच थांबवलं होतं. एकदा तरी ओ द्यायची राहिली, हेच तिचं दुःख.

"तिसरी हाक आली?"

"नाही. उद्या पहिलीलाच ओ देते."

"वेडी आहेस का? मुलांना काय सांगू मी?"

"सांगा, बाबांना उत्तर दिलं म्हणून."

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. तपासणी चालायची त्या शाळेच्या ओसरीवर ती यंत्र कानाला लावून बाकावर बसली. यंत्राची तार मी स्वतः काढून पदरात धरली होती, दुसऱ्या हातात तिचं मनगट. ऊन होतं, पान हलत नव्हतं. तिचं मनगट गार पडत गेलं.

"ओ," सरला म्हणाली.

मला काहीच ऐकू आलं नाही. समोर बसलेल्या सगळ्या बायकांनी मात्र एकदम घूंघट ओढले, घरातला पुरुष अंगणात आल्यावर ओढावेत तसे.

सरला बाकावर थोडी सरकली. शेजारी जागा केली.