बाईंच्या चिठ्ठ्या

खालापूर तालुक्यात डोंगराच्या पायथ्याला एक वाडी आहे. तिथं आमची दोन शिक्षकांची शाळा होती. पहिली-दुसरी बाईंकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. बाई कुंभिवलीहून स्कूटीवर यायच्या, मी कर्जतहून.

वाडीतली मुलं घरी वेगळं बोलतात, पुस्तकातलं मराठी त्यांना परकं वाटतं. बाई जुन्या लग्नपत्रिका कापून चिठ्ठ्या करायच्या. एका बाजूला मुलांचा घरचा शब्द, दुसऱ्या बाजूला पुस्तकातला. शाळा सुटल्यावर म्हाताऱ्या बायकांजवळ बसून त्या हे शब्द विचारून घ्यायच्या. तोवर मी घरच्या वाटेला लागलेला असायचो.

एक मुलगी पहिलीत आल्यापासून तोंड उघडत नव्हती. बाईंनी एकदा रानभाजीची चिठ्ठी तिच्यापुढं धरून घरचा शब्द मुद्दाम चुकीचा वाचला. मुलगी हसली आणि बाईंची चूक सुधारली. शाळेत ती पहिल्यांदा बोलली ती अशी.

त्याच वर्षी शिक्षणशास्त्रातल्या एम.ए.ची जाहिरात आली. पूर्णवेळ, दोन वर्षांचं. तीन शाखा होत्या : सिद्धांत, नेतृत्व आणि धोरण. मधल्या सुट्टीत बाईंनी माझ्या मोबाइलवर ती नीट वाचली.

"सिद्धांत घ्यावा म्हणते," त्या म्हणाल्या. "मूल शिकतं तेव्हा नेमकं काय होतं, ते समजून घ्यायचंय. तुम्हाला काय वाटतं, सर?"

आदल्याच दिवशी मी खालापूरला पंचायत समितीत अभ्यासरजेची चौकशी करून आलो होतो. कारकून म्हणाला होता, "दोन शिक्षकी शाळा हाय तुमची. सुटला तर एकच सुटंल." हे मी बाईंना सांगितलं नव्हतं.

"सगळं इंग्रजीत असतं हो," मी म्हणालो. "जड जाईल तुम्हाला. त्यापेक्षा बाहेरून काहीतरी करा."

बाईंनी मान हलवली आणि मोबाइल परत दिला. माझ्यावर त्यांचा विश्वास होता.

मी नेतृत्व शाखेला अर्ज केला. 'तुम्ही शाळेत घडवलेला बदल' यावर दोन पानं लिहायची होती. मी बराच वेळ कोऱ्या पानापुढं बसलो आणि मग बाईंच्या चिठ्ठ्यांवर लिहिलं. जिथं जिथं बाई होत्या, तिथं 'मी' घातलं. त्या मुलीचं नावसुद्धा जसंच्या तसं लिहिलं. त्यामुळं ते खरं वाटेल, असं वाटलं.

मुलाखत ऑनलाइन होती. फोटो काढायचेत असं सांगून मी चिठ्ठ्यांचा डबा घरी आणला होता. एक चिठ्ठी कॅमेऱ्यापुढं धरली. समोरच्या प्राध्यापिका पुढं झुकून बघत होत्या.

"त्या मुलीचा विश्वास कसा मिळवलात?" त्यांनी विचारलं.

"वेळ दिला," मी म्हणालो.

प्रवेश मिळाला, रजाही मिळाली. महिन्याभरानं विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागानं निवड झालेल्या विद्यार्थ्यांविषयी संकेतस्थळावर मजकूर टाकला. त्यात माझा फोटो होता, खाली चिठ्ठ्यांची हकिगत. तालुक्यातल्या शिक्षकांच्या ग्रुपवर कोणीतरी ती टाकली. अभिनंदनाचे मेसेज सुरू झाले. त्यात बाईंचाही होता.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत लवकर गेलो. बाई व्हरांड्यात चपला काढत होत्या. काय बोलायचं ते वाटेत मनात घोळवलं होतं, पण त्यांनीच आधी विचारलं, "सर, पोरीचं नाव कशाला टाकलंत? तिच्या आईला विचारलंत का?"

विचारलं नव्हतं. स्वतःच्या कामाबद्दल बाई एक शब्द बोलल्या नाहीत.

त्या संध्याकाळी मी विभागाला मेल लिहिला. मुलीचं नाव काढा, असं पहिलं वाक्य. हे काम माझं नाही, माझ्या सहकारी शिक्षिकेचं आहे, हे दुसरं. दुसरं वाक्य मी खोडलं आणि मेल पाठवला.

पुढचं दीड वर्ष मी वर्गात बसून नेतृत्वावर निबंध लिहिले. मला गुणही चांगले पडले. शेवटच्या सत्रात त्याच प्राध्यापिकांनी नव्या मुलांसमोर चिठ्ठ्यांविषयी बोलायला बोलावलं, तेव्हा मात्र मला उभं राहता येईना. वर्ग सुरू होण्याआधी त्यांच्या खोलीत जाऊन मी सगळं सांगितलं.

 "त्या बाईंनी अर्ज का केला नाही?" त्यांनी विचारलं.

तेही सांगितलं. ते सांगणं जास्त कठीण गेलं.

विभागानं माझ्याकडून लेखी घेतलं. पदवी रोखली नाही, पण शिफारसपत्र देणार नाही असं कळवलं. संकेतस्थळावर दुरुस्ती आली, बाईंना विचारून त्यांचं नाव घातलं. प्राध्यापिकांनी त्यांना स्वतः फोन केला आणि पुढच्या वर्षी अर्ज करायला सांगितलं.

बाई आता सिद्धांत शाखेत पहिल्या वर्षाला आहेत. वाचन इंग्रजीत आहे, आणि त्यांना ते जमतंय. मी वाडीच्या शाळेत परत आलोय आणि पहिली-दुसरी सध्या माझ्याकडे आहे. मुलांचे शब्द मला अजून नीट उच्चारता येत नाहीत. बाईंना फोन करून विचारावं असं रोज वाटतं, पण अजून केलेला नाही.