अक्षय तृतीयेची इडली

बालाघाटला आमच्या घरी सणाचं जेवण ठरलेलं असे. पुरण, वडे, कढी, भात. बाबा जिल्हा कचेरीत कारकून होते आणि पानातली मिठाची जागा बदललेलीही त्यांना खपत नसे. आईला मात्र नव्या पदार्थांची भारी हौस. सणाला काहीतरी नवं केल्याशिवाय तिला करमायचं नाही आणि त्यावर तोंड वाकडं केल्याशिवाय बाबांना घास उतरायचा नाही. मला दोघांचाही राग यायचा, कारण पाट्यावर वाटायला मीच असे.

माझा मोठा भाऊ तिरोडीला खाणीच्या ऑफिसात लागला. तिथे एका मद्रासी सहकाऱ्याच्या घरी त्याने इडली खाल्ली आणि दिवाळीला घरी आला तो तिचंच कौतुक सांगत. आमच्यापैकी कुणी इडली पाहिलीसुद्धा नव्हती. आईनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि पदर खोचला.

नव्या धानाचा चिनोर नुकताच घरात आला होता. सुगंधी, चिकट, आमच्या भागातला सगळ्यात मानाचा तांदूळ. आईनं तोच उडदाबरोबर भिजवला. सणाला जुना तांदूळ काढणं तिला पाहुण्याला शिळं वाढण्यासारखं वाटे. थंडीत पीठ रात्रभर जसंच्या तसं राहिलं. पातेल्यावर फडकं बांधून तिनं ते वाफवलं. बाहेर आले ते पांढरे, गच्च गोळे.

"कशी झाली रे?" आईनं विचारलं.

भावानं घास चावला, बराच वेळ चावला. "नाही जमली, आई. थे अशी गच्च नसते. जाळी पडते तिले."

"सणाच्या दिवशी भाताचे गोळे काहून खायचे मानसानं?" बाबा म्हणाले आणि ताट बाजूला सारून त्यांनी पुरणपोळी मागितली.

आई हटली नाही. संक्रांतीला पुन्हा केली, पुढच्या दिवाळीला पुन्हा. दर वेळी तोच मानाचा तांदूळ, तीच थंडी, तेच गोळे. भाऊही एक नंबरचा खट. आईचं मन राखायला एकदा तरी 'छान' म्हणावं, तर नाही. पहिल्या घासालाच नाक मुरडायचा. पण ताटातली इडली टाकायचा नाही, सगळी संपवायचा. आई म्हणायची, "तुह्या तोंडून 'जमली' आयकल्याशिवाय मी काही सोडत नाही."

दुसऱ्या संक्रांतीला परत जाताना तो म्हणाला, "उन्हाळ्यात कर, आई. त्या मद्रासी बाई म्हणत होत्या, गरमीत पीठ फुगते. अन् तांदूळ जुना घेजो."

"हौ. मंग अक्षय तृतीयेले येजो."

"येतो."

होळीच्या आधी त्याला कावीळ झाली. तिरोडीहून आणला तेव्हा डोळे हळदीसारखे झाले होते. आईनं भरवलेली पेजही पोटात ठरेना. होळी पेटली तेव्हा घरात तो नव्हता.

अक्षय तृतीयेला आमच्याकडे पितरांना जेवू घालतात. त्या वर्षी पितरांत भाऊ होता. किरनापूरहून आत्या, बाबांची थोरली बहीण, आली होती. आईनं आदल्या दिवशी जुना तांदूळ आणि उडीद भिजवले. मी वाटून दिलं. वैशाखाच्या उकाड्यात सकाळपर्यंत पीठ भांड्याच्या काठावर आलं. इडल्या वाफेतून निघाल्या त्या हलक्या, आणि मोडल्यावर आत जाळीच जाळी. आईनं ती जाळी माझ्यापुढे धरली.

पान वाढताना आत्या कडाडली, "पितराच्या पानात हे काय वाढून राह्यली तू? पुरण-वडे कुठी गेले?"

"वाढू दे तिले," बाबा म्हणाले. त्यांनी स्वतः ते पान उचललं आणि शिडी लावून छपराच्या कवेलूंवर ठेवलं.

कावळा लगेच आला. इतर वर्षी आम्ही ताटकळायचो, पण त्या दिवशी बाबा शिडीवरून उतरायच्या आत त्यानं इडली उचलली. दुसरा आला, तिसरा आला, पान साफ झालं. आत्यानं डोळ्यांना पदर लावला. "तृप्त झालं माहं लेकरू."

आई आत येऊन चुलीपुढे बसली. "थो नाही आलता," ती म्हणाली. "असं मुकाट्यानं कधी खाल्लं त्यानं? काहीतरी म्हणला असता." आणि ती रडायला लागली. भाऊ गेला त्या दिवशीही ती अशी रडली नव्हती.

बाबा तिच्यासमोर जमिनीवरच बसले. टोपलीतली एक इडली घेतली, कशाबरोबर नाही, नुसतीच, आणि सगळी खाल्ली. मग म्हणाले, "जमली."

आईनं त्यांच्याकडे पाहिलं. "तुमाले काय मालूम, थे कशी असते?"

खरंच, आता आमच्या घरात ते कुणालाच मालूम नव्हतं.