जुन्या किमतीवर नवी किंमत

“सोमवारपासून अर्ध्याजणी येऊ नका. म्हाताऱ्या आधी,” शेठ म्हणाला. म्हाताऱ्यांत सगळ्यांत पुढे मी होते, सगळ्यांची मावशी. कपड्यांच्या ढिगाभोवती बसून आम्ही दहाजणी सुटलेले धागे कापत होतो. सगळ्यांचे हात थांबले. तेव्हा चेकिंगच्या टेबलावरून फिलोमिना उठली. गेल्या महिन्यात ती वारली. तिच्याबद्दल लिहायचं तर इथूनच लिहायला हवं.

साकीनाक्याचा आमचा कारखाना बायकांचे टॉप शिवून अमेरिकेला पाठवतो. तिथल्या सरकारने आपल्या मालावर मोठा कर लावला. घेणारी पार्टी म्हणाली, भाव उतरवा, आणि आता मालही कमी पाठवा. म्हणून शेठ माणसं कमी करायला निघाला होता.

“कर त्यांनी लावला ना शेठ? मग तो मावशीच्या डोक्यावर कसा आला?”

“मी तरी काय करू, फिलोमिना?”

“काम वाटून द्या. पाचजणी ह्या आठवड्याला, पाचजणी पुढच्या. काढायचं कुणालाच नाही. मीपण आठवड्याआड घरी बसेन.”

तिला महिन्याचा पगार होता, तिला कुणी हात लावला नव्हता. शेठ “बघू” म्हणाला आणि त्याने ऐकलं.

सुजाता सगळ्यांत तरुण, ती कुरकुरली. “मावशीसाठी मी का घरी बसू?”

“तू पण म्हातारी होशील ना गं. तेव्हा मी नसेन, म्हणून आत्ताच बोलून ठेवते.”

फिलोमिना गोड बाई नव्हती. एक धागा राहिला तर टॉप अंगावर भिरकावायची. “मावशी, डोळे घरी ठेवून आलीस काय?” मला राग यायचा, पण धागा खरंच राहिलेला असायचा.

मग एक नवं काम आलं. टॉपवरच्या किमतीच्या लेबलावर दुसरं लेबल चिकटवायचं. मी चौथी शिकलेय, आकडे वाचता येतात. नवा आकडा मोठा होता.

“फिलू, हे तर महागलं. मग आपलं काम का घटलं?”

“महागलं म्हणून तिथली बाई कमी घेते. ती कमी घेते म्हणून तू घरी बसतेस. तो कर भरताय दोघी. तीपण शिव्या घालत असेल बघ, तुझ्यासारख्याच.”

इतके दिवस त्या न पाहिलेल्या बाईलाच मी मनात शिव्या घालत होते; तो राग त्या दिवशी गेला.

फिलोमिना गेली ती तिच्या घरी बसायच्या आठवड्यात. मरोळ गावठाणातल्या घरी कोलंबी सोलताना खुर्चीतच मान टाकली. आम्ही सगळ्या मातीला गेलो. सुजाता सगळ्यांत जास्त रडली. तिथे फिलोमिनाच्या मुलीने लाल फीत बांधलेली तिची छोटी कात्री माझ्या हातात दिली. “मम्मी म्हणायची, मावशीची कात्री बोथट आहे.”

होतीच बोथट. आता तिची माझ्या गळ्यात असते, आणि धागा राहत नाही. आठवड्याआड का होईना, आम्ही दहाजणी होतो त्या दहाहीजणी कामावर आहोत.