प्रोसेसरला अर्धा आटा

कळंबात मी हात लावलेलं यंत्र सहसा चालू होतं. घरातला नवा कॉम्प्युटर तेवढा बंद पडला.

माझं ट्रॅक्टरचं गॅरेज आहे. नांगरटीच्या दिवसांत लोक येतात आणि हळूच म्हणतात, "मिस्त्री, जरा वढत न्हाय." मग मी डिझेल पंपाचं सील तोडतो, आतला स्क्रू अर्धा आटा फिरवतो आणि तोच ट्रॅक्टर धूर काढत पळायला लागतो. (कंपनीला हे मान्य नसतं. पण कंपनीला आमची काळी रानं कुठं नांगरायची असतात!)

आमच्या शिवानीला बारावीनंतर पुण्याला कार्टून फिल्मचं शिक्षण घ्यायचं होतं. प्रवेशासाठी दोन मिनिटांची फिल्म सोमवारपर्यंत पाठवायची होती. चित्रं तिनं काढून ठेवली होती, पण त्यांची फिल्म जुळवायला कॉम्प्युटर अख्खा दिवस मागत होता. आम्ही घेतलाही होता दुकानातला सगळ्यात स्वस्त. पोरगी पडद्याकडं बघत नखं खायची आणि मला ते बघवायचं नाही.

"ह्याला जरा पळवता येत न्हाय का?" मी विचारलं.

"येतं की पप्पा. ओव्हरक्लॉक म्हणतात त्याला. कंपनीनं ठरवल्यापेक्षा प्रोसेसर जास्त पळवायचा. पण आपला स्वस्तातला हाय, लई तापंल. नको."

"म्हणजे सील तोडायचं."

"पप्पा, नको म्हणलं ना."

तिचं 'नको' मी ऐकलं. 'येतं की' जरा जास्त ऐकलं.

शनिवारी दुपारी ती फिल्मला आवाज भरायला मैत्रिणीकडं गेली. मी मोबाईलवर एक व्हिडिओ लावला. बोलणं सगळं इंग्रजीत, पण मेकॅनिकला बोटं कुठं फिरतात तेवढं दिसलं तरी पुरतं. यंत्र तापू नये म्हणून हॉलमधला कूलर ओढत आणला. त्याच्यापुढं आमच्या सौभाग्यवती, मंगल, झोपल्या होत्या.

"अवं, कूलर कुठं न्यायलाव?"

"प्रोसेसरला."

"आन् माणसांला?"

मी तिच्या हातात वर्तमानपत्र दिलं.

सेटिंग उघडली, आकडा थोडा वाढवला. कॉम्प्युटर झटकन सुरू झाला. शहाण्या माणसानं इथं थांबायचं असतं. मी अजून थोडा वाढवला. मग हात शिवशिवला म्हणून अजून थोडा. पडदा काळा झाला!

बटण दाबलं, आतला पंखा फिरला, पडदा काळाच. वास घेऊन बघितला. स्टार्टरला मारतात तशी बाजूनं एक चापट मारली. काही नाही. तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. पोरीची फिल्म, तिची सहा महिन्यांची मेहनत, तिचं पुणं, सगळं त्या पेटीत होतं. मला रडू यायचंच बाकी होतं.

तेवढ्यात शिवानी आली. "काय झालं?"

"लाईट गेलती," मी म्हणालो. कूलर माझ्या शेजारी घरघरत होता.

तिनं कूलरकडं बघितलं, वर्तमानपत्रानं वारा घेणाऱ्या आईकडं बघितलं.

"किती वाढवलाव?"

"थोडंच."

"थोडं म्हणजे?"

"ट्रॅक्टरला करतो तेवढं."

तिनं कूलर बंद केला, कॉम्प्युटरची पिन काढली. झाकण उघडून आतला ओलावा पुसला, घड्याळात असतो तसला एक सेल काढला आणि थोड्या वेळानं परत बसवला. "आता सेटिंग पहिल्यासारखी झाली," म्हणाली. पडदा उजळला. फिल्म जागेवर होती.

ती रागावली नाही. "माझ्यासाठीच केलाव ना," एवढंच म्हणून कामाला लागली. रागावली असती तर सोपं गेलं असतं.

रविवारी सकाळी आम्ही तिघं चहा घेऊन कॉम्प्युटरपुढं बसलो. काम ऐंशी टक्के झालं होतं. यंत्र आपल्या चालीनं, न तापता चाललं होतं. मंगल हळूच म्हणाली, "हे झालं की पोरगी जाणार."

मी सोमवारच्या पुढचा विचारच केला नव्हता. एक्याऐंशी झाले. ब्याऐंशी झाले. पुढच्या महिन्यात घरात आम्ही दोघंच असू. कालपर्यंत रांगणारा आकडा आता माझ्या डोळ्यांदेखत पळायला लागला. मी चहाचा कप खाली ठेवला. लेकीला कळू नये म्हणून मी खोकलो आणि अगदी मेकॅनिकच्या आवाजात विचारलं,

"शिवानी, ह्याचा वेग कमी बी करता येतो का गं?"