शेऱ्याबरहुकूम

सत्र संपत आलं की शिक्षकखोलीतल्या लांब टेबलावर प्रगतिपुस्तकांचे गठ्ठे येऊन पडायचे आणि सगळ्यांच्या कपाळाला आठ्या चढायच्या. पाचवीच्या वर्गशिक्षिका असलेल्या बाईंचं मात्र उलट होतं. त्या पेनात नवी कांडी घालायच्या, चष्मा पुसायच्या आणि जेवायला बसावं तशा ऐसपैस बसायच्या.

गणिताचे सर एका बैठकीत अख्खा वर्ग उडवायचे. 'समाधानकारक' आणि 'प्रगती हवी' हे दोनच शेरे आलटूनपालटून. फारच अंगात आलं तर 'अक्षर सुधारावे'. हात झटकत ते म्हणायचे, "बाई, प्रगतिपुस्तक आहे ते, कादंबरी नव्हे."

"तुमचं वाचून घरी काय कळणार सर? ताप आहे म्हणून सांगितलंत आणि औषध दिलंच नाहीत."

बाईंचा एकच दंडक होता. शेरा वाचून घरच्या माणसाला उद्या सकाळी काय करायचं ते कळलं पाहिजे. 'प्रगती हवी' हे सरांचं खोडून त्या लिहायच्या, 'पाढे पक्के आहेत, भागाकारात बाकी खाली उतरवायला विसरतो. उत्तर आलं की गुणून पडताळा घ्यायला लावा.' विज्ञानाच्या रकान्यात, 'प्रश्न फार छान विचारते, उत्तर लिहिताना मात्र कारण द्यायचं राहतं. घरी तिला "कशावरून?" असं विचारत जा.' वर्गशिक्षिका म्हणून सगळ्या विषयांचे शेरे त्यांच्या हातून जायचे, आणि चित्रकलेपासून खेळापर्यंत सगळ्यांनाच ती सोय वाटायची. परस्पर काम होत होतं, कोणाला नको होतं! मुलं पाठीमागे त्यांना 'शेरेबाई' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

त्या वर्षी त्यांच्या वर्गात एक मुलगी होती, तिला सगळे 'रेडिओ' म्हणायचे. सकाळी वर्गात पाऊल टाकलं की सुरू. मांजरीला पिल्लं झाली, काल स्वप्नात बाईच आल्या होत्या, पृथ्वी फिरते तर आपल्याला गरगरत का नाही. बाकावरची शेजारीण दमून जायची, पण जागा बदलून मागायची नाही. पहिल्या सत्राच्या शेवटी बाईंनी भाषेच्या रकान्यात लिहिलं, 'वाचन उत्तम, शब्दांचा साठा वयाच्या मानाने मोठा. वर्गात थोडं कमी बोलली तर हेच सगळं लेखनात उतरेल.' मनापासून लिहिलं होतं. लिहिताना ओठांवर हसूही होतं.

सुट्टी संपली, शाळा भरली आणि रेडिओ बंद झाला होता.

पहिले काही दिवस कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. सर म्हणाले, "बाई, तुमचा शेरा लागू पडला की! एका डोसात रोग गेला." बाईंच्याही अंगावर मूठभर मांस चढलं. मुलगी विचारलं तेवढंच बोलायची, निबंध पानभर लिहायची, वर्ग कसा शांत. पण डबा खायच्या सुट्टीत बाई व्हरांड्यातून जात होत्या तेव्हा त्यांना दिसलं, की मैत्रिणींच्या घोळक्यातही ती ओठ मिटून बसली आहे आणि शेजारीण एकटीच बोलते आहे.

"काय गं, हिचं आणि तुझं भांडण झालं का?"

"नाही बाई," शेजारीण म्हणाली. "तिला घरी सांगावं लागतं, आज किती बोलली ते. खोटं बोलता येत नाही तिला. म्हणून ती बोलतच नाही."

बाईंनी मुलीकडे पाहिलं. मुलगी डब्याच्या झाकणाकडे बघत होती.

पालकसभेला तिचे वडील आले. बाईंनी मनात एखादा तापट, डोळे वटारणारा माणूस रंगवला होता. आला तो सडपातळ, इस्त्रीच्या शर्टातला, खुर्ची आवाज न करता ओढणारा गृहस्थ. इमारतींमधल्या लिफ्ट तपासायची त्याची नोकरी होती.

"मॅडम, तुमचे आभार मानायला आलो," तो म्हणाला. "बाकीचे शिक्षक शेरा लिहीत नाहीत, नुसती सही ठोकतात. तुम्ही तपासून लिहिता."

"तिच्या बोलण्याबद्दल लिहिलं ते मी सहज लिहिलं होतं हो. लहान आहे, बोलणारच. इतकं मनावर घेऊ नका."

तो हसला. हसणं वाईट नव्हतं, समजूतदार होतं. "आमच्या कामात सहज काही नसतं, मॅडम. मी 'दोर बदला' असं लिहिलं आणि कोणी बदलला नाही, तर माणसं खाली पडतात. शेरा म्हणजे शेरा." मग उठता उठता म्हणाला, "या वेळी सगळ्या विषयांचं जरा जास्त लिहा. मला सोपं जातं."

काय सोपं जातं, हे विचारायचं बाईंच्या ओठांवर आलं होतं. पण मागे पालकांची रांग होती.

पुढच्या चाचणीच्या वेळी त्या आजारी पडल्या आणि रकाने ज्याचे त्याने भरले. चित्रकलेच्या मास्तरांनी लिहिलं, 'रंग रेषेबाहेर जातात.' खेळाच्या सरांनी लिहिलं, 'धावताना लवकर दमते.' बाई परत आल्या तेव्हा मुलगी पट्टी लावून झाडं काढत होती. सरळ खोड, सरळ फांद्या, पानंसुद्धा चौकोनी. आणि उजव्या गुडघ्याला जाड पट्टी.

"पडलीस का?"

"जिन्यावर," ती म्हणाली. "बाबा लिफ्टने वर जातात. मी त्यांच्या आधी पोचायचं असतं."

"कितव्या मजल्यावर राहता तुम्ही?"

तिने वर पाहिलं, जणू मजला छतातून दिसणार होता. "सगळ्यात वरच्या."

बाई तडक मोठ्या बाईंकडे गेल्या. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका, खमक्या आणि न्यायी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मारतो का? अंगावर वळ बिळ?"

"नाही. तसं काही नाही."

"उपाशी ठेवतो?"

"नाही हो."

"मग मी काय म्हणून बोलावू त्यांना? इथे निम्मे पालक प्रगतिपुस्तक उघडूनसुद्धा बघत नाहीत. हा बघतो. आणि जिना सगळेच चढतात."

घरी बाई आणि त्यांची थोरली बहीण अशा दोघीच राहत. ताईचा जन्म इस्पितळात परिचारिका म्हणून गेला होता. भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "वळ दिसला तर मलम लावता येतं. हे असलं दिसत नाही, म्हणून तर चालतं."

"मी आता काही लिहायचंच नाही असं ठरवलंय. उणीव म्हणून काढायचीच नाही."

आणि त्यांनी तसं केलं. दुसऱ्या सत्राच्या मधल्या प्रगतिपुस्तकात प्रत्येक रकान्यात कौतुकाचा एकेक शब्द लिहून त्या मोकळ्या झाल्या. दुसऱ्याच दिवशी शाळा सुटताना वडील व्हरांड्यात उभे. प्रगतिपुस्तक दोन्ही हातांत, तबक धरावं तसं.

"मॅडम, हे अपुरं आहे."

"तिच्यात खरंच काही कमी नाही."

"असं कुठेच नसतं. ज्या लिफ्टच्या कागदावर काहीच लिहिलेलं नसतं, तिची मला सगळ्यात जास्त भीती वाटते." आवाज तसूभरही चढला नाही. "न तपासता सही केलीत का? तसं असेल तर मला तिची सगळी तपासणी घरीच पुन्हा करावी लागेल. पहिल्यापासून."

त्याच्यामागे मुलगी उभी होती. 'पहिल्यापासून' हा शब्द ऐकल्याबरोबर तिने बाईंकडे पाहिलं आणि अगदी हळू मान हलवली. नको.

"द्या इकडे," बाई म्हणाल्या. "राहिलंय थोडं."

तिथेच कठड्यावर पुस्तक टेकवून उभं असताना त्यांना एक युक्ती सुचली. शेरा म्हणजे हुकूम ना? मग हुकूमच चांगला देऊ. त्यांनी लिहिलं, 'रोज संध्याकाळी मैत्रिणींबरोबर मोकळं खेळणं आवश्यक. मोठ्याने हसावं, मनात येईल ते बोलावं.' वडिलांनी शब्दाखाली बोट धरून ते वाचलं, समाधानाने मान डोलावली आणि मुलीला घेऊन गेले.

बाई त्या दिवशी जवळजवळ उड्या मारतच घरी आल्या. ताईने सगळं ऐकून घेतलं आणि नुसतं एवढंच म्हणाली, "ज्याच्या हातात छडी आहे त्याला तू फुलं वेचायला सांगितलंस."

आठवडाभराने बाई मुद्दाम वाट वाकडी करून त्या इमारतीवरून गेल्या. खाली सिमेंटचं अंगण होतं, एका बाजूला पाण्याच्या टाक्या. मुलगी मधोमध उभी होती, समोर इमारतीतल्या दोन मुली चेंडू घेऊन. टाकीला टेकून वडील उभे. मुलीने चेंडू झेलला, फेकला आणि हसली. तोंड पूर्ण उघडून, मोठ्याने. मग हसणं तसंच ठेवून तिने वडिलांकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली नाही. ती आणखी मोठ्याने हसली. आता त्यांनी मान डोलावली आणि तिचं तोंड मिटलं, खिडकी लावून घ्यावी तसं.

समोरच्या मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. "आम्हाला अभ्यास आहे," म्हणत दोघी चेंडू घेऊन निघून गेल्या. वडील म्हणाले, "आता मनात येईल ते बोल." मुलगी रिकाम्या अंगणात उभी राहून बोलू लागली. काय बोलत होती ते बाईंना लांबून ऐकू आलं नाही. ऐकायला त्या थांबल्याही नाहीत.

दुसऱ्या दिवशी वडील कामावर असतील अशी वेळ बघून त्या घरी गेल्या. दार आईने उघडलं. घर लखलखीत, एक वस्तू इकडची तिकडे नाही. मुलीच्या टेबलावरच्या भिंतीवर बाईंचं स्वतःचं अक्षर होतं. एकेक शेरा झेरॉक्सवर मोठा करून काढलेला, ओळीने चिकटवलेला, काहींवर लाल खूण. बाईंनी स्वतःचं वळणदार 'ळ' ओळखलं आणि नजर वळवली.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बोलली. "बाई, तुम्ही चांगलंच लिहिता. पण पुस्तक घरात आलं की आम्हा दोघींना घास उतरत नाही."

"तुम्ही काही म्हणत नाही त्यांना?"

"पूर्वी माझे शेरे असायचे. भाजीत मीठ, चादरीची घडी, फोनवर काय बोलले. रोज रात्री जेवण झालं की ते सांगायचे, मी उभं राहून ऐकायचे." तिने पदर बोटाला गुंडाळला, सोडला. "ती शाळेत गेली आणि ते तिच्याकडे वळले. खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं वाटलं होतं."

बाईंनी विचारलं, "तुम्हाला कोणी आहे का? माहेरचं?"

"बहीण आहे. लांब."

"किती लांब?"

"पुरेशी," आई म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिने बाईंच्या डोळ्यांत पाहिलं.

वार्षिक प्रगतिपुस्तकात बाईंनी सगळे विषय नेहमीसारखे भरले आणि खालच्या मोकळ्या जागेत लिहिलं, 'हा शेरा पालकांसाठी. मुलगी घाबरलेली आहे आणि ती वडिलांना घाबरते. तिला दुरुस्त करणं ताबडतोब थांबवावं.' पुस्तक त्यांनी वडिलांच्या हातात दिलं आणि समोर बसून राहिल्या.

त्याने शब्दांखाली बोट धरून वाचलं. पुन्हा वाचलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"तपासून लिहिलंय?"

"हो. वर्षभर तपासून."

त्याने खिशातून पेन काढलं, पालकाच्या रकान्यात सही केली, तारीख घातली. "शेरा म्हणजे शेरा," म्हणाला आणि गेला.

सुट्टीत आईचा फोन आला. आवाज दबलेला. तो आता मुलीशी एक शब्दही बोलत नव्हता. जेवायला बसत नव्हता. तिच्या खोलीच्या दारात उभा राहून नुसता बघायचा, ती झोपेपर्यंत. "काही करत नाहीत बाई. तुम्ही थांबवा म्हणालात ना, ते थांबलेत. पण कशासाठी थांबलेत ते कळत नाही."

"तुम्ही निघा," बाई म्हणाल्या. "बहिणीकडे. आजच निघा."

मायलेकी निघाल्या. तो कामावर असताना, एका पिशवीनिशी. वाटेत शाळेत थांबल्या तेव्हा दाखला मोठ्या बाईंनी स्वतःच्या हाताने लिहून दिला, एकही प्रश्न न विचारता. दाखल्यावर वर्तणुकीचा रकाना असतो. तो बाईंनी भरायचा होता. मुलगी टेबलाशी उभी होती.

"काय लिहू गं?"

तिने कोऱ्या रकान्याकडे पाहिलं. "लिहा, हिला काही येत नाही. म्हणजे तिकडे कोणी काही बघणार नाही."

बाईंनी 'चांगली' एवढंच लिहिलं आणि कागदाची घडी तिच्या आईच्या हातात दिली.

शाळा पुन्हा भरली तेव्हा पहिल्याच दिवशी तो व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसला होता. तोच इस्त्रीचा शर्ट. त्याने पत्ता विचारला, बाईंनी माहीत नाही म्हणून सांगितलं, त्याने आभार मानले. मग दर काही दिवसांनी येऊ लागला. कोणाला त्रास नाही, आरडाओरडा नाही. नव्या शाळेकडून काही कागद आलाय का, एवढंच विचारायचा आणि शाळा सुटेपर्यंत बसायचा. मोठ्या बाईंनी शिपायाला सांगून दोनदा बाहेर काढलं, तेव्हा तो फाटकाबाहेर उभा राहिला. रस्ता काही शाळेचा नव्हता. बाई सरांना सोबत घेऊन घरी जाऊ लागल्या. सरांनी त्या दिवसांत एकही विनोद केला नाही. बाईंचे शेरे आखूड होत गेले. लिहिण्याआधी त्या प्रत्येक मुलाला जवळ बोलावून विचारायच्या, "हे घरी कोण वाचतं रे?" आणि उत्तराकडे नाही, चेहऱ्याकडे बघायच्या.

पावसाळा सरता सरता एका दुपारी शिक्षकखोलीतला फोन वाजला. खिडकीखालच्या बाकावर तो होता, त्या दिवशी शिपाई रजेवर होता. बाईंनी फोन उचलला.

"बाई, मी बोलतेय," आई म्हणाली. "बरी आहे ती. शाळेत अजून गप्पच असते. पण न्हाणीघरात जाते, नळ सोडते आणि बोलत बसते, तासन्‌तास. मी बाहेर उभी राहून ऐकते. काल मांजराची गोष्ट सांगत होती."

खिडकीतून त्याचं डोकं दिसत होतं, नीट विंचरलेलं, किंचित कललेलं.

"बरं," त्या मोठ्याने म्हणाल्या. "चाळीस पानी वह्याच पाठवा. हो, बिल नंतर बघू."

आईला समजलं आणि पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला.

तो उठून खिडकीशी आला. "कोणाचा फोन, मॅडम?"

"वह्यावाल्याचा."

त्याने बाईंच्या चेहऱ्याकडे सावकाश पाहिलं, वरून खाली, एकही गोष्ट न सोडता. मग मान डोलावली आणि पुन्हा बाकावर जाऊन बसला.