चांगुणाबाईच्या विहिरीचा कठडा

आमच्या शिवारात चांगुणाबाईसारखी येडी बाई दुसरी झाली नाही, हे मी कोणाच्याबी तोंडावर सांगतो.

तिचं वावर माह्या धुऱ्याले लागून, सुलतानपूरपासून गाडीवाटेनं आत. नवरा कवाचाच गेला. एकच पोरगी, ती दिली पार खानदेशात. बाई वावरातच छपरी टाकून एकटी राहे. एक बैल तिचा, एक माहा, अशी आमची सावड. दिवसभर ती आपल्या बैलासंगंच बोले.

नवं राज्य झालं, पंचायत समित्या आल्या अन् विहिरीले सरकारी अनुदान सुरू झालं. अर्धं खोदल्यावर, अर्धं कठडा झाल्यावर. काम पाहाले मेहकरहून ओव्हरसेर येत, माणिकराव नावाचे, सायकल दामटत.

बाईच्या विहिरीले पाणी झकास लागलं. दगडाचं बांधकामबी झालं. राह्यला कठड्याचा एक थर, अन् त्याच्यापायी अर्धं अनुदान अडकलं.

"दगड पडून हायेत, गवंडी गावात हाये. काऊन रखडवून राह्यली, बाई?"

"पाहू ना तुळशीराम, सवडीनं."

सवड! माह्या तळपायाची आग मस्तकात जाये.

दर महिन्याले ओव्हरसेर येत. त्या दिवशी अंगण सारवलेलं, चुलीवर गुळाचा चहा, ताटात गरम भाकर अन् ठेचा. ते बिचारे निवांत बसत, "मावशी, गुडघा कसा आहे? लेक बरी आहे ना?" असं पुसत. बाईचं हासणं माह्या धुऱ्यावर ऐकू ये. जाताना ते म्हणत, "पुढच्या खेपेला थर लावून ठेवा हं." बाई मान डोलवे. थर काही लागे नाही.

एकदा तर गवंडी आपल्या पायानं आला, त्याले चहा पाजून वापस धाडलं! मंग मी भडकलोच. "सरकार देऊन राह्यलं अन् तू लाथ मारून राह्यली?"

ती खाली पाहत म्हणे, "कठडा झाला का मंग कोण येईन रे माह्याकडं?"

मी आपला माह्या धुऱ्याकडं वळलो.

मार्चअखेर आली. माणिकराव आले, ते उभ्याउभ्याच. मोठ्या खुशीत म्हणाले, "मावशी, पैसे परत गेले असते. मी काम पुरं झालं असं लिहून टाकलं. थर लावा सवडीनं. आता मला इकडं यायचं कामच उरलं नाही."

देवमाणूस! भलं कराले गेला.

"बसा ना, चहा ठेवला हाये," बाई म्हणे. पण त्याले आणखी विहिरी पाहाच्या होत्या.

अनुदान हातात पडलं, तशी बाई मले म्हणे, "गाडी जुंप, मेहकरले जायचं." हापिसात तिनं पदराची गाठ सोडून पैसे टेबलावर ठेवले. "हे वापस घ्या. माहा थर राह्यला हाये. माणिकरावले म्हणा, येऊन पाहा."

कारकून खो खो हासला. हापिसातले सारे हासले. माणिकराव दौऱ्यावर होते. कारकुनानं पैसे तिच्याकडं सरकवले. "घरी जा बाई. तुमचं काम संपलं."

मले त्याच्या मुस्काटात द्यावी वाटली. पण त्याचं तरी काय चुकलं?

वापस येताना ती गाडीत पाय पोटाशी घेऊन बसली होती. नाला लागला, चढ लागला, तिचा बैल दमून थांबला. मी हाकलून राह्यलो होतो, तो हालेना. त्याले तिचाच आवाज लागे.

बाई बैलासंगंबी बोलली नाही.